चारचा आठ

आधीच सांगतो, मला कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर हातात ब्रश आला तो साठी उलटेपर्यंत सुटला नाही. पुण्यात पेठेत माझं रंगाचं खोपट होतं. रिक्षा, टेम्पो, स्कूटर, सगळ्यांच्या नंबर प्लेटी रंगवायचो. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रंगवता झकास यायचं. समोर कागद ठेवा, मी हुबेहूब उतरवून देणार. अर्थ गिऱ्हाइकाने सांभाळायचा.

आकडे मात्र माझे मराठी. त्यात माझा चार नावाजलेला होता. वरची दोन टोकं मी जवळजवळ मिटवत आणायचो आणि खालचा गोल घट्ट ठेवायचो. रिक्षावाले म्हणायचे, "पेंटर, चार काढावा तर तुम्हीच." पुढे आकडे इंग्रजीतच पाहिजेत असं सुरू झालं, तशी इंग्रजी आकड्यांची प्लेटही काढून द्यायला लागलो. पण घरी, वहीत, यादीत, कॅलेंडरवर हात आपला जुन्याच वळणाने जायचा. त्या वळणाचा मला गर्व होता, तोच शेवटी नडला.

मुलगा जर्मनीत, ब्योब्लिंगेनला. आता मीही इथेच असतो. मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. सूनही शिकलेली, ती अर्धा दिवस नोकरी करते. लग्नानंतर सून इकडे आली आणि तिला गोडा मसाला पाहिजे झाला. इथे पाकिटातला मिळतो, तो म्हणजे लाकडाचा भुसा. मग एका रविवारी मुलाने त्याच्या कंप्युटरवरून आमच्या पुण्याच्या घरी फोन लावला आणि सुनेने बायकोला प्रमाण विचारलं. मुलाने ते सगळं बोलणं टेप केलं. तोवर कोणाच्या मनात काही नव्हतं. धणे किती आणि खोबरं किती, एवढंच.

चार-पाच मिनिटांचं बोलणं. बायको फोनवर आणि मी शेजारी गॅसपाशी. मधेच ती माझ्याकडे वळते आणि म्हणते, "अहो, ऐकताय का? गॅस बारीक करा, करपेल ते." मी लांबून म्हणतो, "करतो की." मग ती सुनेला म्हणते, "यांना दहादा सांगावं लागतं बघ." आणि हसते. झालं, एवढंच.

आपला आवाज टेपवर कसा येतो ते ऐकायची तिला हौस. मुलाने ते इंटरनेटवर कुठेतरी फुकट ठेवायची जागा असते तिथे ठेवलं. त्याचा पत्ता म्हणजे मारुतीचं शेपूट. फोनवर सांगायला लागला तर संपेना. मग तो म्हणाला, "थांबा बाबा, पत्ता छोटा करून देणारी एक वेबसाईट आहे. ती लिंक छोटी करून देते. लांबलचक पत्ता तिला द्यायचा, ती सहा अक्षरं देते. सहा अक्षरं टाकली की ती आपल्याला बरोबर त्या लांबच्या पत्त्यावर सोडते."

"म्हणजे रिक्षा," मी म्हणालो.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर. तिकडे राहून त्याला ही सवय लागली होती.

त्याने एकेक अक्षर सांगितलं, बायको शेजारून आकार सांगत होती, ती सातवी झालेली. मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून घेतलं. पाच इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. तो म्हणाला फोर, बायको म्हणाली चार, मी काढला ४.

शेजाऱ्यांच्या कंप्युटरवर जाऊन आम्ही ते ऐकलं. बायकोने तोंडावर पदर घेतला. "शी! असा आहे माझा आवाज? फाटका?" मी म्हणालो, "असाच आहे, चाळीस वर्षं ऐकतोय." त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

पुढे दीड वर्षाने ती गेली. पोटाचं दुखणं होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तेराव्यानंतर मुलाने मला इकडे आणलं. खोपट विकलं. येताना माझ्या ब्रशांची पेटी आणि कॅलेंडरचं ते पान एवढंच माझं म्हणून आणलं.

इथे माझं काय काम? दूध आणायचं, यादी लिहायची, खिडकीतून गाड्यांच्या प्लेटी बघायच्या. सगळ्या साच्यातून ठोकून काढलेल्या. आधी गावाची खूण, बी, बी, मग पुढचं. सगळ्यांचा बी एकसारखा. माणसाचा हात कशालाच लागलेला नाही. पहिल्याच आठवड्यात मी यादीत 'दूध ४' लिहिलं आणि मुलगा आठ खोकी घेऊन आला. सून हसून हसून खुर्चीत बसली. "अहो, तो चार आहे! बाबांचा चार!" मुलगा म्हणाला, "हा चार? हा तर सरळसरळ इंग्रजी आठ आहे." मी म्हणालो, "तू पेठेत वाढलास ना? लाज वाटू दे जरा." आठ दिवस आम्ही सगळे दूध पीत होतो. तेव्हा मीही हसलो होतो.

कंप्युटरवर ती सहा अक्षरं टाकायला मला मुलानेच शिकवलं. पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा आम्ही तिघंही बसलो होतो. मग मी रोज ऐकायला लागलो. दिवसातून चार-पाच वेळा. मुलगा एकदा कामावरून लवकर आला आणि मला त्या खुर्चीत बघितलं. कोणत्या अवस्थेत ते सोडा.

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. "बाबा, हे रोज ऐकून तुम्ही आजारी पडाल. जेवण अर्ध्यावर आलंय तुमचं. थोडे महिने नको. मला शब्द द्या."

"दिला."

"नक्की?"

"आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परत त्याच खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू. फक्त आता दिवसातून एकदाच. दोघं कामावर गेली की. दुपारी एकपासून इथे शांततेची वेळ असते, रूएत्साइट म्हणतात, वरच्या मजल्यावरची बाई चमचा पडला तरी खाली येते. म्हणून अकरा. कॅलेंडरचं पान समोर ठेवायचं, एकेक अक्षर शोधून दाबायचं, ऐकायचं. नंतर मागचा माग पुसायचा. कंप्युटरमध्ये आपण कुठे कुठे गेलो ते लिहून राहतं, आणि ते पुसायचं एक बटण असतं. मुलगा बँकेचं काम झाल्यावर ते दाबायचा, मी ते बघून ठेवलं होतं. मला सगळ्या कंप्युटरमधलं तेवढं एकच बटण पक्कं यायचं. रोज न चुकता दाबायचो.

वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी सहा अक्षरं टाकली आणि आवाजाच्या ऐवजी पिवळंधमक पान आलं. वरपासून खालपर्यंत इंग्रजी. पानाच्या तळाशी एक हिरवा चौकोन होता. दाबावा तर काय होईल कोण जाणे. अर्धा तास नुसता बघत बसलो. शेवटी दाबला. तिचा आवाज आला. जिवात जीव आला, पण दुसऱ्या दिवशी परत पिवळं. तिसऱ्या दिवशी परत.

विचारावं कोणाला? मुलाला विचारलं तर तो विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मग मी मला येतं ते केलं. ब्रश नाही, बॉलपेन घेतलं आणि ते पान कागदावर उतरवायला बसलो. जसंच्या तसं. मथळा जाड, खालचं बारीक, मधल्या ठिपक्यांसकट. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सून दुपारी घरी आली तेव्हा तो कागद टेबलावर राहिला होता.

"अहो बाबा, हे काय रंगवलंय?"

"काही नाही. हात चालू राहावा म्हणून."

ती वाचत उभी राहिली. हातातली पिशवी तशीच. "हे लिंक छोटी करणाऱ्यांचं आहे. आईंच्या मसाल्याची लिंक ज्यावर आहे ते." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकता?"

"कधीमधी."

तिने पिशवी ठेवली, खुर्ची ओढली आणि मला समजावून सांगितलं. त्यांनी नवीन सोयी आणल्या होत्या. आता म्हणे त्या सहा अक्षरांच्या ऐवजी आपल्याला आवडेल तो शब्द ठेवता येईल. दुसरं, कोणी भलतीकडेच जाऊन पडू नये म्हणून आधी हे पिवळं पान दाखवणार. तिसरं, ती लिंक आजवर किती वेळा उघडली त्याचा आकडा मालकाला दिसणार.

"आधीपासूनचा?" मी विचारलं.

"हो, पहिल्यापासूनचा. ते मोजतच होते, आता दाखवणार."

मी तो कागद पालथा घातला. तिला वाटलं मी खालच्या ओळीमुळे घाबरलो. खाली बारीक अक्षरात होतं की ज्या जुन्या लिंकांना कोणी मालक नाही, म्हणजे खातं न काढता केलेल्या, त्या महिनाअखेरपर्यंत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर बंद.

"काही नाही हो, दोन मिनिटांचं काम आहे," सून म्हणाली. "यांनी केलेली लिंक आहे, यांच्या मेलवर घेऊन टाकतील. मी सांगते संध्याकाळी."

"तू नको. मी सांगतो. तू मधे पडू नकोस."

"नक्की सांगाल?"

"सांगतो म्हटलं ना."

तेव्हा महिना संपायला सोळा दिवस होते. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. संध्याकाळी मुलगा दमून यायचा, बूट काढायचा, माझ्याजवळ बसून विचारायचा, "काय बाबा, आज काय केलंत?" मी म्हणायचो, "प्लेटी मोजल्या." तो हसायचा. त्या हसण्यापुढे मला सांगवेना की तुला दिलेला शब्द मी एक दिवसही पाळला नाही, आणि आता त्याचा आकडाच तुझ्यासमोर येणार आहे. उभ्या आयुष्यात मी कोणाला तोंडावर बोलायला घाबरलो नाही. गिऱ्हाईक असो, पोलीस असो. पोटच्या पोराला घाबरलो.

सुनेने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "हो, सांगितलं, करणार आहे" म्हणून दडपून दिलं.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कॅलेंडरचं पान हातातून सोडायची तयारी नव्हती, म्हणून पहाटे उठून एका कोऱ्या कार्डावर ती सहा अक्षरं नव्याने काढली. चांगली पट्टी लावून. पेटीतला बारीक ब्रश आणि काळा रंग. निदान कामात तरी खोट नको. मुलगा दारात जाकीट घालत होता, मी कार्ड पुढे केलं.

"हे आईचं मसाल्याचं. ते लोक बंद करणार आहेत म्हणे आज. तुझ्या नावावर करून घे."

"आज?" त्याने घड्याळ बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सूनबाईने वाचलं."

"आल्झो, बरं तर, दुपारी ऑफिसातून करतो." कार्ड खिशात टाकलं. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "बाबा, ऐकत नाही ना तुम्ही?"

"नाही."

तो गेला. त्या दिवशी अकरा वाजता मी नेहमीसारखं ऐकलं. हिरवा चौकोन, मग ती. "अहो, ऐकताय का?" मी एकदाच ऐकायचा नियम मोडला आणि परत लावलं. मग परत. मनात म्हटलं, संध्याकाळी आकडा कळणारच आहे, तीनदा ऐकून काय फरक पडतो. मग पुसून टाकलं.

संध्याकाळी तो आला. बूट काढले. माझ्याजवळ बसला आणि माझा हात हातात घेतला. तेवढ्यानेच मला कळलं.

"बाबा, ते नाहीये हो तिथे. मी कार्डावरचं बघून दोनदा टाकलं. दुसऱ्याच कोणाचं पान येतं. कुठल्यातरी पोहण्याच्या क्लबाचं, कोणत्या दिवशी पोरांना किती वाजता आणायचं त्याचं. आईचं केव्हाच गेलेलं दिसतंय. या फुकटच्या गोष्टींचं असंच असतं."

सकाळी तीनदा ऐकलं होतं. तोंडाशी आलं होतं. अरे, गेलं कसं, सकाळी होतं की! एवढंच वाक्य. पण सकाळी दारात "नाही" म्हणून झालं होतं. आणि दुसरं असं, की शिकलेला मुलगा सांगतोय म्हणजे तसंच असेल. माझं अकराचं, त्याचं दुपारचं. मधे गेलं असेल. मला काय कळतं त्यातलं.

"असू दे," मी म्हणालो.

त्याला बरं वाटलं की मी शांत आहे. जेवताना त्याने माझ्या ताटात स्वतः भात वाढला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी अक्षरं टाकली. पान आलं, पण पिवळं नाही, करडं. हिरवा चौकोन नाही. दोन ओळी इंग्रजी आणि कोपऱ्यात एक आकडा. मला वाटलं, बरोबर, गेलं म्हणाला होता. मागचं पुसायची गरज नव्हती तरी हात गेलाच, पुसलं.

त्यानंतर अकरा वाजले की काय करावं कळायचं नाही. खिडकीशी उभा राहायचो. बी बी. बी बी. एक दिवस दुधाला गेलो आणि दूध न घेता आलो.

तीनेक आठवडे गेले. सून धुवायचे कपडे काढत होती. मुलाच्या जाकिटाचा खिसा उलटा केला आणि ते कार्ड निघालं. ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली. मी बटाटे सोलत होतो.

"बाबा, हे तेच ना? हा चार आहे ना?"

"मग काय आहे?"

"यांनी आठ टाकला असेल!"

सुरी हातातच राहिली. ती कंप्युटरकडे धावली, मी मागे. चार टाकून बघितला. करडं पान. तिने दोन ओळी वाचल्या आणि तोंडावर हात ठेवला. तिने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. महिनाअखेरीस मालक न मिळाल्यामुळे बंद. गेलेलं नव्हतं. माझ्या सकाळी होतं, मुलाच्या दुपारी होतं, रात्री बारापर्यंत होतं. मुलगा भलत्याच दारात उभा राहून हाका मारत होता, कारण मी आकडा सुंदर काढला होता.

"आणि हा आकडा?" मी कोपऱ्यात बोट दाखवलं.

"किती वेळा उघडलं त्याचा. बंद झालेल्यांचा सगळ्यांनाच दाखवतात," ती हळूच म्हणाली. मोठा होता. वर्षभराचे दिवस कोणीही मोजू शकतं.

तिने मुलाला फोन केला. तो अर्ध्या तासात घरी आला, कामावरून उठून. जाकीटही काढलं नाही. करड्या पानाकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. नंतर एकदम सरळ बसला.

"थांबा! लांबचा पत्ता! बाबा, तुम्ही याच मशीनवरून उघडायचात ना? मग हिस्टरीत असणार! फाईल अजून तिथेच असेल, नुसता पत्ता पाहिजे." त्याचा चेहरा लहानपणी पतंग सापडायचा तसा झाला. सून त्याच्या खांद्यावरून वाकली. मीही वाकलो, पण मला माहीत होतं तिथे काय आहे ते.

काही नव्हतं. त्याने दोनदा वर-खाली करून बघितलं.

"ही कोणी पुसली?"

"मी."

"कधी?"

"रोज."

"का?"

"तुला शब्द दिला होता म्हणून," मी म्हणालो.

तो उठला, बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. खूप वेळाने आत आला. डोळे लाल होते. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी पण काय आठ टाकला. दूध आणलेला गाढव मी."

"तू नाही. मला सरळ इंग्रजी चार काढता येत होता."

"मी तुम्हाला शब्द मागायला नको होता."

"मी पाळायला पाहिजे होता. निदान पुसायला तरी नको होतं."

"अहो, पुरे आता दोघांचं," सून म्हणाली. बटाटे काळे पडले होते.

मुलाने खटपट सोडली नाही. फाईल ठेवली त्या जागी त्याचं खातं नव्हतं, म्हणून तिथे शोधताही येईना. ज्या मशीनवर मूळ टेप होती ते जुन्या कंपनीचं, नोकरी बदलताना परत केलेलं. तिथे विचारलं, ते कधीच भंगारात गेलेलं. लिंकवाल्यांना मेल लिहिली, उत्तर आलं. फार गोड उत्तर. वाईट वाटतं, पण बंद झालेल्या लिंकेचा लांबचा पत्ता आमच्याकडे राहत नाही. तुम्हाला हवी असतील तर तीच सहा अक्षरं परत घेता येतील, आणि नव्या सोयीप्रमाणे स्वतःचा शब्दही ठेवता येईल.

"म्हणजे रिक्षा द्यायला तयार आहेत," मी म्हणालो, "पण जायचं कुठे ते विसरलेत."

मुलाला तेवढंही पुरलं. काहीतरी करून द्यायचं होतं त्याला. एका रविवारी म्हणाला, "बाबा, आपण आईचे फोटो एका पानावर लावू. त्याला चांगला शब्द देऊ, तुम्हाला टाकायला सोपा जाईल असा, त्यात आकडा नको. आईचं नाव घालू का?" त्याने टाकून बघितलं. ते आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. जगात तिच्या नावाच्या बायका पुष्कळ असणार. "मग तुम्ही तिला हाक काय मारायचात?"

काय मारायचो? काहीच नाही. लग्नात उखाणा घेतला तेव्हा एकदा तिचं नाव तोंडातून निघालं, त्यानंतर नाही. अगं. ए. ऐकतेस का. एवढ्यावर चाळीस वर्षं निघाली. तीही मला ऐकताय का म्हणायची. दोघांनी आयुष्यभर एकमेकांना तेवढंच विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "फोटो भिंतीवर आहे. तो बोलत नाही."

जरा तुटक बोललो. पण त्या बिचाऱ्याने कंप्युटर बंद केला.

फाईल अजून आहे म्हणतात. कुठल्यातरी मोठ्या मशीनच्या पोटात, धणे किती ते सांगत असेल. फक्त तिच्यापर्यंत जायचा पत्ता दुनियेत कोणाकडे नाही. हे मला मेल्यापेक्षा वाईट वाटतं. मेलं ते मेलं, माणूस खांदा तरी देतो.

मागच्या शनिवारी सुनेचा मसाला संपला. डब्याच्या तळाशी चमचा फिरवत ती म्हणाली, "आता प्रमाण कुठून आणायचं? मी तेव्हा लिहून घेतलं नाही. टेप आहे म्हणून बिनधास्त होते."

"मला येतं," मी म्हणालो.

"तुम्हाला?"

मला साधा चहा धड येत नाही, ती बघतच राहिली. मी कढईसमोर उभा राहिलो. मुलाने खिडकी उघडली, वरच्या बाईने धुराची तक्रार करू नये म्हणून. बाहेरची गार हवा मानेवर येत होती. सुनेने गॅस पेटवला आणि मी सुरुवात केली.

"हे बघ, धणे चार वाट्या. निवडून घे, त्यात काड्या असतात. आधी कोरडेच भाज, तेल नंतर. खोबरं किसून एक वाटी, ते लालसर झालं पाहिजे, काळं नको, काळं झालं की कडू. तीळ अर्धी वाटी, ते तडतडतात, झाकण जवळ ठेव. दगडफूल मूठभर, पण आपली मूठ, पुरुषाची नको."

तिचेच शब्द, तिच्याच क्रमाने. जिथे ती श्वास घ्यायची तिथे माझाही श्वास आपोआप जात होता. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सून ऐकत होती आणि हात चालवत होती, मान वर न करता.

मग ती जागा आली. दालचिनीनंतर, नागकेशराच्या आधी. मला माहीत होतं ती येणार, तरी आली तेव्हा काही सुचलं नाही. पुढचं वाक्य माझं नव्हतं. ते मला म्हणायचं नसतं, मला ऐकायचं असतं. मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. कढईतून खमंग वास वर येत होता, जरा जास्तच खमंग.

जेवढा वेळ तिला ते म्हणायला लागायचा तेवढा वेळ गेला.

सुनेने हात पुढे केला आणि गॅस बारीक केला.

"करतो की," मी म्हणालो. ते माझं होतं. मग नागकेशर सांगितलं.